अंगावरचं दूध: पहिल्या घोटापासून दूध तोडेपर्यंत

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हिला अजून दूधच उतरलं नाही." बोलणारी माणसं मायेचीच असतात. पण तासाभरात पावडरचा डबा येतो, बाळ पोट भरून चार तास झोपतं, अंगावर ओढत नाही, आणि मग आठवडाभरात दूध खरोखरच कमी पडायला लागतं. म्हणून फायद्यांकडे वळण्याआधी दूध बनतं कसं, ते पाहू. ते नीट कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

झऱ्याच्या विहिरीसारखं हे गणित आहे. उपसा झाला की पाणी येतं, उपसा थांबला की झरे मंदावतात. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि पुढच्या वेळचं दूध तयार होऊ लागतं. रात्री हे प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं पहिल्या महिन्यांत टाळू नये. दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. ते तयार दूध पुढे ढकलतं, यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. वेदना, लाज, भीती, टोमणे यांनी पान्हा अडतो. "तुझ्या अंगावर दूधच नाही" असं दिवसातून चारदा ऐकवलं तर त्याचा परिणाम शरीरावर होतो, मनापुरता राहत नाही. आणि स्तनात दूध साचून राहिलं की ते साचलेलं दूधच पुढचं उत्पादन कमी करायला सांगतं. लाडू, खिरी, काढे हे सगळं यानंतर येतं.

पहिला तास आणि चीक

नॉर्मल बाळंतपण असेल तर बाळाला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवावं, वरून दोघांना मिळून एक कोरडं कापड घालावं. अंघोळ, वजन, फोटो नंतर. सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झालं असेल तर आई शुद्धीवर असते. टेबलावरच किंवा वॉर्डात आल्याबरोबर बाळाला लावता येतं, फक्त धरायला कोणीतरी लागतं. पूर्ण भूल दिली असेल तर आई जागी झाल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात पाजलेली बाळं निघाली फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यात पोहोचल्यावरही हे हातून निसटतं, तेव्हा बाळंतपणाआधीच डॉक्टरांना आणि सिस्टरना स्पष्ट सांगून ठेवा: "बाळ लगेच माझ्याजवळ द्या."

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक: घट्ट, पिवळसर, थोडासाच. पहिल्या दिवशी एका वेळेला २ ते १० मिलि, म्हणजे अर्ध्या ते दोन चहाच्या चमच्यांइतका. दुसऱ्या दिवशी ५ ते १५ मिलि, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिलि. बाळाचं पोटही तेवढंच मागतं. गायीचा चीक आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणून खरवस करतो, आणि बाईचा चीक "जुनं दूध" म्हणून पिळून फेकून देतो, हा प्रकार अजूनही काही घरांत चालतो. या चिकात रोगप्रतिकारक आयजीए प्रथिनं ठासून भरलेली असतात. ती बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखं काम करतात. शिवाय चीक सारक असतो. त्याने काळी शी लवकर बाहेर पडते आणि शीबरोबर कावीळ करणारं बिलिरुबिनही जातं.

खरं दूध "उतरतं" ते बहुतेक जणींना दोन ते चार दिवसांत. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दुधाचं प्रमाण वाढू लागतं. सिझेरियन, मधुमेह, थायरॉइड, जास्त रक्तस्राव असेल तर एखाद-दुसरा दिवस उशीर होतो. वारेचा तुकडा आत राहिला असेल तरी दूध उशिरा येतं. रक्तस्राव थांबत नसेल आणि पाचव्या दिवसापर्यंत छाती जड झाली नसेल तर डॉक्टरांना या कारणाबद्दल मुद्दाम विचारा.

पकड: इथे वेळ द्या

दूध कमी पडणं, बोंड्या चिरणं, बाळाचं वजन न वाढणं, तासन् तास ओढत राहणं या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, बाळाची पकड. बाळाने फक्त बोंडी तोंडात धरली तर ते चोखतं पण दूध येत नाही. दूध वाहून आणणाऱ्या नळ्या बोंडीमागच्या काळ्या भागाखाली असतात. तो भाग, विशेषतः खालचा, बाळाच्या तोंडात जायला हवा.

उजवीकडे पाजायचं आहे असं धरू. पाठीला भिंत किंवा उशी लावून बसा, खांदे सैल सोडा. बाळाला डाव्या हातावर घ्या: त्याचं ढुंगण तुमच्या डाव्या कोपराच्या बाजूला, डोकं डाव्या पंजात. अंगठा बाळाच्या एका कानामागे, बाकीची बोटं दुसऱ्या कानामागे, तळहात मानेखाली. डोक्याच्या मागच्या भागावर दाब देऊ नका. तिथे दाबलं की बाळ मान मागे फेकतं आणि घरात सगळे म्हणतात, "घ्यायलाच तयार नाही." बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पाणी पिऊन पाहा, मग कळेल बाळाला वाकड्या मानेने पिणं किती अवघड जातं.

आता उजव्या हाताने स्तन खालून धरा, बोटं काळ्या भागापासून दोन-तीन बोटं मागे. वडापाव खाताना आपण तो तोंडाच्या रेषेत दाबतो, उभा धरून दाबत नाही. तसंच स्तन बाळाच्या ओठांच्या रेषेत हलकासा दाबायचा. बोंडी बाळाच्या नाकासमोर आणा आणि वरच्या ओठाला घासा. बाळ चोचीसारखं तोंड करेल, त्याला भुलू नका, थांबा. जांभईएवढा मोठा आ झाला की त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणा, हनुवटी आधी टेकू द्या. छाती बाळाकडे वाकवू नका, पाठ त्यानेच जाते.

नीट लागलं की चार गोष्टी दिसतात: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या ओठावर जास्त दिसतो, खाली कमी. सुरुवातीला भराभर ओढेल, मग पान्हा आला की संथ होईल: ओढ, थांब, घोट. घोटाचा "कह" असा हलका आवाज येतो. गालाला खळी पडत असेल किंवा "च्यक् च्यक्" आवाज येत असेल तर पकड चुकली आहे. पहिली काही सेकंद ओढल्यासारखं वाटणं ठीक, पण अर्ध्या मिनिटानंतरही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा जाऊ द्या, सोडवा आणि पुन्हा लावा. तशीच ओढून काढली तर बोंडी सोलते.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचं वजन नको असेल तर बाळाला बगलेत, पाय तुमच्या पाठीकडे करून धरा, खाली दोन उशा. किंवा कुशीवर झोपून पाजा. झोपून पाजताना बाळाभोवती जाड गोधड्या, उशा नकोत. सोफ्यावर बाळ घेऊन झोपू नका, बाळ फटीत दबण्याचा धोका असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ ही पकड नीट दाखवतात. वाचण्यापेक्षा एकदा पाहून घेणं बरं, आणि ते आज्जीलाही दाखवावेत.

किती वेळा, किती वेळ

२४ तासांत ८ ते १२ वेळा. घड्याळापेक्षा बाळाकडे बघा: जीभ बाहेर काढणं, तोंड इकडेतिकडे फिरवणं, मूठ तोंडात घालणं या भुकेच्या खुणा आहेत. रडणं ही शेवटची खूण. रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही, आधी खांद्यावर घेऊन शांत करावं लागतं.

एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी द्या. घेतली तर घेतली. सुरुवातीचं दूध पातळ, तहान भागवणारं. स्तन रिकामा होत जाईल तशी दुधातली चरबी वाढत जाते. पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे असं घड्याळ लावून केलं तर बाळ पातळ दुधावरच भरतं, लवकर भुकेजतं, गॅस होतो, शी हिरवट फेसाळ होते.

पहिले दोन आठवडे झोपाळू बाळाला तीन तासांनी उठवाच. झोळीत किंवा पाळण्यात जोरात झोके दिलेलं बाळ भूक असूनही झोपून राहतं, आणि घरातल्यांना वाटतं "किती गुणी बाळ आहे." दुपटं काढा, तळपायाला गुदगुल्या करा, लंगोट बदला.

दूध पुरतं की नाही, हे छाती दाबून किंवा रडण्यावरून ठरवू नका. मोजता येतील अशा तीनच गोष्टी आहेत.

शू: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त, फिकट रंगाची. डायपरमध्ये मोजता येत नाही, म्हणून पहिले आठ-दहा दिवस सुती लंगोट वापरा. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडत असतील तर दूध कमी जातंय.

शी: काळी-चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या रंगाची पिवळी. पहिल्या महिन्यात दिवसातून आठ वेळा पातळ पिवळी शी झाली तरी ते जुलाब नाहीत. दीड महिन्यानंतर तीन-चार दिवस शी न होणं हेही अंगावरच्या बाळात चालतं, शी मऊ असेल आणि बाळ खेळकर असेल तर.

वजन: सुरुवातीला थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. २.८ किलोच्या बाळाचं २५२० ग्रॅमच्या खाली गेलं तर त्याच दिवशी दाखवा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं. पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ. काटा एकच वापरा आणि बाळ उघडं असताना तोला, नाहीतर झबलं-टोपीचेच दीडशे ग्रॅम धरले जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. ही घरपोच नवजात काळजीची पद्धत गडचिरोलीतल्या "सर्च" संस्थेच्या कामातून उभी राहिली. त्या येतील तेव्हा काट्यासोबत पकडही बघायला सांगा.

संध्याकाळी पाच ते नऊ बाळ सारखं लागतं, सोडतं, किरकिरतं. तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने या सुमाराला तर दोन-तीन दिवस ते छातीवरून उतरतच नाही. डबा विकत आणण्याची घाई नेमकी याच दिवसांत होते. खरं तर बाळ पुढच्या आठवड्याची ऑर्डर नोंदवत असतं. शू सहा असतील तर पाजत राहा.

पोटात आणखी काही घालू नका

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातही बाळाला पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजावं लागतं इतकंच. चमचाभर पाण्याने छोटं पोट भरतं, बाळ तेवढं कमी ओढतं, आणि पाण्यातून जुलाबाचे जंतू जातात.

मध एक वर्षापर्यंत पूर्ण वर्ज्य. त्यात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडतात. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची तर विधी आईच्या दुधावर करा, कोणाचंच काही अडत नाही. बाळगुटीबद्दल घराघरांत वाद होतात. वेखंड, जायफळ, मुरडशेंग यांचे वळसे किती घ्यायचे हे प्रत्येक हाताचं वेगळं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं आणि ओढत नाही. सहाण ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते. सहा महिन्यांच्या आत गुटीची गरज नाही, तसंच ग्राइपवॉटरचीही.

अपवाद एकच, ड जीवनसत्त्वाचे थेंब: रोज ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), पहिल्या दिवसांपासून वर्षभर. बाजारात ४०० आययू प्रतिमिलि आणि ८०० आययू प्रतिमिलि अशा दोन्ही बाटल्या मिळतात, तेव्हा १ मिलि द्यायचं की अर्धा, हे लेबल वाचूनच ठरवा.

बाळाला काय मिळतं, आईला काय मिळतं

आईला ज्या जंतूंचा संसर्ग होतो त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात. म्हणून घरात सर्दी-खोकला, जुलाब फिरत असताना आईचं दूध बंद करणं ही अगदी उलटी उपाययोजना आहे. तोंडाला मास्क, हात साबणाने धुतलेले, आणि पाजणं चालू. दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य असतात, आणि हे जंतू वाढले की वाईटांना जागा उरत नाही. त्यामुळे जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग अंगावर पिणाऱ्या बाळांत कमी दिसतात, झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाणही कमी असतं. कमी दिवसांच्या बाळांत आतडं सडवणारा जो आजार होतो, त्यापासून आईच्या दुधाइतकं संरक्षण कशानेच मिळत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झालं तर जगात दरवर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील.

आईच्या फायद्याकडे मात्र कोणी बघत नाही. पाजताना सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनने गर्भाशय आवळतं, रक्तस्राव कमी होतो. पहिल्या आठवड्यात पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या याच्याच. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात. घाबरू नका, हवं तर पॅरासिटामॉल घ्या. पुढचे फायदे लांब पल्ल्याचे आहेत. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा २००२ मध्ये एकत्र हिशोब झाला, तेव्हा एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. दोन मुलांचे महिने यात एकत्र मोजले जातात. अंडाशयाचा कर्करोग आणि टाइप २ मधुमेह यांचाही धोका उतरतो. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाईसाठी पाजणं हा औषधाइतकाच गांभीर्याने घ्यायचा भाग आहे.

पाळी लांबते, त्यावर किती विसंबायचं? तीनही अटी पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ फक्त अंगावर, दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही. असं असेल तर गर्भ न राहण्याची खात्री ९८ टक्के. एक अट मोडली की लगेच दुसरं साधन घ्या. तांबी चालते. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, त्या पहिले सहा महिने नकोत.

बाळंतिणीचं ताट

पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ किंवा उसळ आणि एक ग्लास दूध. आळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, बाळंतशेपा यांनी जेवणात भर पडते, आळिवातून लोहही मिळतं. पण दिवसाला चार लाडू आणि बाळ पाळण्यात, याने दूध वाढत नाही, वजन वाढतं. "पाणी कमी पी, पोट सुटेल" हा सल्ला सोडून द्या, तहान लागेल तेवढं प्या, पाजायला बसताना तांब्या जवळ ठेवा. डाळ, भाजी, ताक, फळं काहीच बंद करायचं कारण नाही. आईने दही खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही.

लोहाची एक गोळी रोज, कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन, १८० दिवस. दोन्ही एकत्र घेऊ नका, कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोहाची गोळी दोन तास मागेपुढे, लिंबूपाण्याबरोबर. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि बहुतेक अँटिबायोटिक्स पाजताना चालतात. "औषध चालू आहे म्हणून दूध बंद" असं कोणी सांगितलं तर पाजताना चालणारा पर्याय मागा, तो जवळजवळ नेहमीच असतो. मिश्री मात्र थांबवावीच लागेल. तंबाखूच ती, दातांवर घासली तरी निकोटिन दुधात उतरतं.

अडलं तर

बोंडी चिरली असेल तर मलमाआधी पकड सुधारा. शेवटचे दोन थेंब दूध बोंडीवर लावून वाऱ्यावर वाळू द्या. दर वेळी साबणाने धुवू नका, त्वचा अजून कोरडी पडते. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. पाजून झाल्यावरही आत खोल जळजळतं आणि बाळाच्या जिभेवर न पुसले जाणारे पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. दोघांनाही एकाच वेळी औषध लागतं.

बोंडी आत असेल तर २० मिलिची नवी सिरिंज घ्या. सुई लावायचं टोक ब्लेडने कापा, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घाला, आणि दुसरं गुळगुळीत टोक बोंडीवर ठेवून हळूच ओढा. अर्धं-एक मिनिट, पाजण्याआधी लगेच. दुखलं की सोडा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, काळा भागही ताणला जातो आणि बाळाची पकड घसरते. दोन्ही हातांची बोटं बोंडीभोवती ठेवून छातीच्या दिशेने साधारण मिनिटभर हलका दाब द्या. सूज मागे सरते, भाग मऊ होतो. थोडं दूध हाताने काढा, मग लावा. पाजल्यावर ओल्या थंड कपड्याच्या घड्या. जोरात मालिश, गाठ दाबून फोडणं अजिबात नको, त्याने सूज वाढते. एका जागी लाल, गरम, दुखरं आणि थंडी वाजून ताप असेल तर स्तनदाह समजा. पाजणं चालू ठेवा, ते दूध बाळाला बाधत नाही. २४ तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जा, उशीर झाला की गळू होतं आणि चीर द्यावी लागते.

बाळ ओढायचं बंद झालं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा थंड पडलं, टाळू खोल गेली, श्वास धापल्यासारखा झाला, किंवा पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखाना. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरत नाही.

एचआयव्ही, टीबी, कावीळ बी असलेल्या आयाही योग्य उपचारांखाली पाजू शकतात. त्याची आखणी बाळंतपणाआधी डॉक्टरांबरोबर करावी लागते. पाजायचंच नाही अशी कारणं मोजकी आहेत: बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार), आईची केमोथेरपी, आणखी थोडी.

काढून ठेवणं आणि कामावर परतणं

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) असेल तर पहिल्या सहा तासांतच दूध काढायला लागा आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा काढा. हात धुवून अंगठा बोंडीच्या वर आणि तर्जनी खाली, बोंडीपासून ३-४ सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. बोटं कातडीवर घासू नका, बोंडी पिळू नका. पहिलं मिनिट काहीच येणार नाही, मग थेंब, मग धारा. धार मंदावली की बोटं फिरवून दुसरीकडून दाबा. दोन्ही बाजू मिळून २० ते ३० मिनिटं. चीक थेट चमच्यात किंवा सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घ्या, मोठ्या भांड्यात तो भांड्यालाच चिकटून जातो.

ठेवायला झाकणाची स्टीलची वाटी किंवा काचेची बाटली, उकळलेली. खोलीत चार तास. उकाडा असेल तर लगेच फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, आत मागे. तिथे २४ तासांत वापरा, वीज जाते त्या गावांत हा नियम काटेकोर पाळा. वर साय येते, ती खराबी नव्हे, हलकेच फिरवून मिसळा. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. उरलेलं उष्टं दूध टाकून द्या. पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी). बाटलीची सवय लागली की बाळ छातीवर मोठा आ करत नाही.

आईचं दूध मिळतच नसेल तर दवाखान्याच्या दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू झाली. तिथे दात्या तपासतात आणि दूध पाश्चराइझ करतात. ऑनलाइन विकत घेऊ नका. मानवी दुधाचा व्यापार करू नये असं एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये बजावलं आहे.

नोकरीत २६ आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन जादा सुट्ट्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपर्यंत यातलं काही पोहोचत नाही, हेही खरं. तिच्यासाठी बाळ पाठीला बांधून सोबत ठेवणं आणि सावलीत दर दोन तासांनी बसायला मिळणं, एवढंच मुकादमाकडून मागून घेता येतं.

कामावर जायच्या दोन आठवडे आधीपासून सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढून साठवा. निघताना पाजा, कामावर तीन-चार तासांनी काढा, आल्याबरोबर पाजा, रात्री मोकळेपणाने.

सहा महिन्यांनंतर

बाळाला मऊ वरणभात, तूप घातलेली नाचणीची लापशी, कुस्करलेलं केळं सुरू करा, आधी अंगावर पाजून मग. पाजणं दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालतं. दात आल्यावर बाळ चावलं तर ओरडू नका, त्याला ती गंमत वाटते. छातीकडे हलकेच दाबा, नाक झाकल्यासारखं झालं की ते स्वतःच तोंड उघडतं.

दूध तोडायचं तेव्हा कडुनिंब, कोरफड, मिरची लावून एका रात्रीत तोडू नका. बाळ बिथरतं आणि तुमची छाती दाटून ताप येतो. एक वेळ निवडा, बहुतेक घरांत दुपारची सोपी जाते. ती चार-पाच दिवस बंद करून त्या वेळी खाणं, गोष्ट, फिरणं द्या. छाती जड झाली तर सैल वाटेल इतकंच काढा, रिकामी करू नका. मग पुढची वेळ. झोपतानाची सगळ्यात शेवटी ठेवा. आजारपणात, पाळणाघर नव्याने लागलं त्या आठवड्यात किंवा लसीच्या दिवशी यातलं काही सुरू करू नका.